उत्तर चुकलं, पण कुठे? पॉवर-असर्ट प्लगइन आणि एका ‘ऱ्ह’ची गोष्ट



आज विषय जरा वेगळा आहे. एरवी आपण इथे परिपाठ, वाचनपाठ, गणिताचे खेळ यावर बोलतो. आज संगणकाच्या कोडबद्दल लिहिते आहे. ‘आम्हाला कोडिंग येत नाही’ म्हणून लगेच पुढे जाऊ नका. वहीतलं गणित तपासायला जेवढं येतं तेवढंच इथे लागणार आहे. आणि आता आपल्यातले कितीतरी जण निकालाचे तक्ते, हजेरीची छोटी ॲप्स स्वतः बनवतात. मुलंही सातवी-आठवीपासून कोड लिहायला लागली आहेत. म्हणजे हा विषय तसा घरातलाच झाला.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे मी या वाटेला का लागले ते कळेल.

माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. पटावर ३४ मुलं. निकालपत्रकं हाताने लिहून बोटं दुखतात म्हणून मी कोटलिन या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. मी काही इंजिनिअर नाही, डी.एड. झालेली बाई. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बघून बघून शिकले. माझा प्रोग्राम दोन फाइली घ्यायचा. एक पटाची, म्हणजे मुलांची नावं. दुसरी गुणांची. दोन्हींतली नावं जुळवायची, आकारिकचे ६० आणि संकलितचे ४० मिळवायचे, श्रेणी काढायची आणि छापायला द्यायचं. पहिली चार-पाच पत्रकं मी डोळ्यांनी तपासली, बरोबर निघाली, बाकीची तशीच छापली.

१ मे. झेंडावंदन झालं, निकाल वाटायला घेतला आणि एका मुलीच्या पत्रकावर नाव होतं, पण गुण नव्हते. सगळ्या विषयांसमोर नुसत्या आडव्या रेघा. आडनाव कुऱ्हाडे. तिची आजी आली होती. कागद माझ्यासमोर धरून म्हणाली, “बाई, पोरीचं नाव हाय, मार्क कुठं गेलं?” मी गुणांची फाइल उघडून दाखवली, त्यात सगळे गुण होते. मग तिथेच बसून हाताने पत्रक लिहून दिलं. इतर ३३ जणांच्या हातात छापलेला कागद आणि हिच्या हातात पेनाने लिहिलेला. वर्ष सगळं हुशारीत काढलेली मुलगी. ती काही बोलली नाही, पण दारातून जाताना शेजारणीच्या कागदाकडे बघत गेली.

मे महिन्याच्या सुट्टीत मी त्या चुकीच्या मागे लागले.

असर्ट म्हणजे काय

कोड बरोबर चालतो का हे तपासण्यासाठी आणखी थोडा कोड लिहितात, त्याला टेस्ट म्हणतात. टेस्टमध्ये मुख्य वाक्य असतं असर्टचं. असर्ट म्हणजे ठासून सांगणं. ‘इथे हे खरं असायलाच पाहिजे’ असं आपण संगणकाला बजावतो. खरं निघालं तर तो गप्प पुढे जातो. खोटं निघालं तर थांबतो आणि ओरडतो.

प्रश्न आहे तो ओरडून काय सांगतो याचा. माझ्या टेस्टने काय सांगितलं? ‘असर्शन फेल्ड.’ बस्स, एवढंच. खाली ओळ क्रमांक. आपण वहीवर लाल पेनाने फुली मारतो ना, अगदी तसं. मुलगा फुलीकडे बघतो. चूक आहे हे त्याला कळतं. पण बेरीज चुकली, हातचा विसरला, की फळ्यावरून आकडाच चुकीचा उतरवला, यातलं काही त्या फुलीतून कळत नाही. मग तो काय करतो? सगळं खोडतो आणि पहिल्यापासून मांडतो. मीही तेच केलं. दोन संध्याकाळी गेल्या.

यावर एक जुना उपाय आहे. प्रत्येक असर्टसोबत आपला संदेश हाताने लिहायचा. मी आधी ते केलं होतं. पण खरं सांगते, चाळीस ठिकाणी मी ‘गुण चुकले’, ‘नाव चुकलं’ एवढंच लिहून ठेवलं होतं. घाईत माणूस एवढंच लिहितो. शिवाय असे संदेश शिळे होतात. कोडमधली मर्यादा बदलते, संदेशात जुनीच राहते, आणि मग तो संदेश मदत करायच्या ऐवजी वाट चुकवतो.

दुसरा उपाय असर्ट-इक्वल्स. त्याला दोन किमती द्यायच्या, अपेक्षित आणि आलेली. चुकलं तर तो दोन्ही दाखवतो. हे चांगलं आहे, साध्या ठिकाणी मी आजही वापरते. पण तो फक्त शेवटची दोन उत्तरं दाखवतो, मधल्या पायऱ्या दाखवत नाही.

हातचा लिहून ठेवा, असं ट्युरिंगही म्हणाले होते

मधल्या पायऱ्यांवरून एक जुनी गोष्ट आठवते, आणि ती आपल्या शिक्षकांना विशेष आवडेल.

ॲलन ट्युरिंग हे नाव तुम्ही ऐकलं असेल, संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. जून १९४९ मध्ये केंब्रिजला गणनयंत्रांवर एक परिषद झाली. तिथे त्यांनी एक छोटा निबंध मांडला, विषय असा की मोठा प्रोग्राम बरोबर आहे हे तपासायचं कसं. आणि उदाहरण कुठलं घेतलं? उभ्या मांडणीची बेरीज! आपली दुसरी-तिसरीची.

आकडे असे होते: १३७४, ५९०६, ६७१९, ४३३७ आणि ७७६८. उत्तर २६१०४. आता हे उत्तर तपासायचं तर एका माणसाला एका बैठकीत सगळं करावं लागतं, कारण एककाचा हातचा दशकात जातो, दशकाचा शतकात. मध्येच उठता येत नाही. पण प्रत्येक रकान्याची बेरीज वेगळी लिहून ठेवली तर? एककाची बेरीज ३४, म्हणून खाली ४ आणि हातचे ३. दशकाची १७, म्हणून ७ आणि हातचा १. शतकाची २९, म्हणून ९ आणि हातचे २. हजाराची २३, म्हणून ३ आणि हातचे २. वरच्या ओळीत ३९७४. तिच्याखाली हातच्यांची ओळ २२१३, एक घर डावीकडे सरकवलेली. दोन्हींची बेरीज २६१०४. आता चार मुलांना चार रकाने वाटून द्या. प्रत्येकाने आपापला रकाना तपासायचा. कुणालाही दुसऱ्यासाठी थांबायला नको.

मी हे वर्गात करून बघितलं आहे, गटात मुलं खूश होतात. (हातचा त्याच वेळी पुढे मिळवायचा नाही, नुसता खाली लिहायचा, हे मात्र दोनदा सांगावं लागतं.)

ट्युरिंगचं म्हणणं असं की प्रोग्राम लिहिणाऱ्याने जागोजागी अशी ठाम विधानं लिहून ठेवावीत, म्हणजे तपासणाऱ्याला एकेक विधान सुटं तपासता येईल. आजच्या असर्टचं मूळ त्यात आहे. पण गंमत बघा, आपण असर्ट घेतला आणि हातचे लिहून ठेवायचं विसरलो. असर्ट फक्त शेवटचं बरोबर-चूक सांगत राहिला.

पॉवर-असर्ट काय करतो

आता मुख्य गोष्ट. पॉवर-असर्ट नावाचा एक कंपायलर प्लगइन आहे. तो लावला की आपला असर्ट जसाच्या तसा राहतो, एक अक्षर बदलायला नको. पण तो फेल झाला की संदेशात त्या ओळीतल्या प्रत्येक तुकड्याची त्या क्षणाची किंमत लिहून येते.

माझ्याच प्रोग्राममधलं उदाहरण देते. (वाचायला सोपं जावं म्हणून इथे कोड देवनागरीत लिहिला आहे. संगणकावर तो नेहमीसारखा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचा.) आपल्या श्रेणी तुम्हाला पाठच आहेत: ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, असं खाली. एका मुलाला आकारिकमध्ये ४९ आणि संकलितमध्ये ३२. मी टेस्ट लिहिली:

असर्ट(श्रेणी(आकारिक + संकलित) == "अ-२")

प्लगइन नसताना उत्तर आलं, ‘असर्शन फेल्ड.’ प्लगइन लावल्यावर तीच ओळ पुन्हा छापून आली आणि तिच्या प्रत्येक तुकड्याखाली उभी रेघ, रेघेच्या टोकाला किंमत. ब्लॉगवर त्या उभ्या रेघा हलतात, म्हणून मी तुकडे एकाखाली एक मांडून देते:

आकारिक : ४९
संकलित : ३२
आकारिक + संकलित : ८१
श्रेणी(…) : ब-१
== : फॉल्स

बघा बरं. ४९ बरोबर. ३२ बरोबर. बेरीज ८१, तीही बरोबर. मग श्रेणी ब-१ कशी? ८१ ला अ-२ हवी. म्हणजे चूक श्रेणी काढणाऱ्या भागात, आणि तीही नेमकी सीमेवर. उघडून बघितलं तर मी ‘८१ पेक्षा जास्त’ लिहिलं होतं, लिहायला हवं होतं ‘८१ किंवा त्याहून जास्त’. एका नजरेत सापडलं. ही चूक तशीच राहिली असती तर नेमके ८१ गुण पडलेल्या प्रत्येक मुलाची एक श्रेणी खाली गेली असती, आणि एवढ्या बारीक गोष्टीवर कुणी तक्रारही केली नसती.

एक लक्षात आलं का? "अ-२" च्या खाली किंमत आली नाही. ती आपण स्वतःच लिहिलेली ठरलेली किंमत आहे, ती दाखवून काय उपयोग. जे चालताना ठरतं तेवढंच दाखवलं जातं.

हे प्लगइनलाच का जमतं

हा प्रश्न मला पडला होता. साधं एखादं फंक्शन लिहून हे करता येणार नाही का?

नाही येणार, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. असर्ट हे फंक्शन आहे. त्याला बोलावण्याआधीच कंसातलं सगळं गणित सुटून जातं आणि त्याच्या हातात फक्त खरं किंवा खोटं पडतं. वर्गाचा मॉनिटर ऑफिसात येऊन सांगतो, “बाई, त्याचं गणित चुकलंय.” पण वही आणलेलीच नसते. आता मॉनिटरला कितीही खोदून विचारा, त्याला हातचा कुठून माहीत असणार?

वही बघितलेली असते ती कंपायलरने. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं वाचून यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारा. त्याच्यासमोर पूर्ण ओळ असते, तिचे तुकडे असतात, कुठला तुकडा ओळीत कितव्या जागी आहे हेही असतं. मूळ लिखाण आणि शेवटचं यंत्ररूप यांच्यामध्ये एक मधलं रूप असतं. प्लगइन तिथे हात घालतो. तो असर्टची ओळ उलगडतो, प्रत्येक तुकड्याचं उत्तर आधी एकेका तात्पुरत्या डब्यात ठेवतो, मग तुलना करतो. तुलना खोटी निघाली तर त्या डब्यांतल्या किमतींचा आराखडा करून तो संदेश म्हणून असर्टच्या हाती देतो. आपण हाताने लिहायचा कंटाळा करतो तेच काम तो न कंटाळता दर ओळीला करतो.

कल्पना कोटलिनची स्वतःची नाही. ग्रूव्ही नावाच्या भाषेसाठी पीटर निडरवायझर यांनी स्पॉक हे टेस्टचं साधन केलं, त्यात ही सोय होती, आणि डिसेंबर २००९ च्या ग्रूव्ही १.७ मध्ये ती भाषेतच आली. जपानचे ताकुतो वाडा यांनी जावास्क्रिप्टसाठी पॉवर-असर्ट केलं. पायथनचं पायटेस्टही असर्टच्या ओळी आपल्या पद्धतीने बदलून घेतं. कोटलिनसाठी ब्रायन नॉर्मन यांनी हा प्लगइन आधी स्वतंत्र लिहिला, आणि मे २०२४ मध्ये आलेल्या कोटलिन २.० पासून तो भाषेसोबतच मिळू लागला, प्रायोगिक म्हणून.

लावायचा कसा

यात फार नाही. तुमचा प्रोजेक्ट ग्रेडलवर असेल तर बिल्ड फाइलमध्ये प्लगइनच्या यादीत पॉवर-असर्टची एक ओळ वाढवायची. कोटलिनची जी आवृत्ती आहे तीच याचीही लिहायची. तेवढ्याने साधा असर्ट सुधारतो, आणि तोही फक्त टेस्टच्या फोल्डरमध्ये. मुख्य प्रोग्रामला हात लागत नाही.

असर्ट-ट्रू, असर्ट-इक्वल्स यांनाही हे हवं असेल तर पॉवर-असर्टच्या चौकटीत फंक्शनांची यादी पूर्ण नावासकट द्यायची. इथे मी फसले होते. आपण स्वतः यादी दिली की मूळची एका नावाची यादी पुसली जाते. त्यामुळे साध्या असर्टचं नावही आपल्या यादीत पुन्हा लिहावं लागतं. मी फक्त असर्ट-ट्रू लिहिलं आणि मग अर्धा तास विचार करत बसले की कालपर्यंत दिसणाऱ्या रेघा आज कुठे गेल्या. आणि कुठलंही फंक्शन चालत नाही. ज्याला शेवटी संदेश देता येतो असंच फंक्शन लागतं, कारण आराखडा त्या संदेशाच्या जागेतूनच आत जातो.

आता त्या कुऱ्हाडेची गोष्ट

नावं जुळवण्याच्या भागासाठी मी ही टेस्ट लिहिली:

असर्ट(पट[६].आडनाव.ट्रिम() == तक्ता[६].आडनाव.ट्रिम())

पहिला आराखडा आला तो बघून घाबरले. ‘पट’ या तुकड्याखाली अख्ख्या ३४ मुलांची यादी छापली गेली, ‘तक्ता’खाली पुन्हा ३४. स्क्रीन भरून गेली आणि हवी ती गोष्ट त्यात हरवली. हा या प्लगइनचा स्वभाव आहे, प्रत्येक तुकडा म्हणजे प्रत्येक तुकडा. म्हणून दोन आडनावं आधी वेगळी काढून घेतली, एकाला नाव दिलं पटातलं, दुसऱ्याला तक्त्यातलं, आणि ओळ छोटी केली:

असर्ट(पटातलं.ट्रिम() == तक्त्यातलं.ट्रिम())

आता आराखडा असा आला:

पटातलं : कुऱ्हाडे
पटातलं.ट्रिम() : कुऱ्हाडे
तक्त्यातलं : कुर्‍हाडे
तक्त्यातलं.ट्रिम() : कुर्‍हाडे
== : फॉल्स

दोन्हीकडे तेच आडनाव. आणि तरी फॉल्स! मला वाटलं प्लगइनच बिघडला. पण ट्रिम आधीच केलेलं होतं, म्हणजे मागेपुढे मोकळी जागा राहिली असण्याचा संशय मिटला. राहिली एकच शक्यता, डोळ्यांना दिसतं ते आणि संगणकाने साठवलंय ते वेगळं आहे. मग ओळीत एकच शब्द वाढवला:

असर्ट(पटातलं.ट्रिम().लेंग्थ == तक्त्यातलं.ट्रिम().लेंग्थ)

आराखड्यात पटातल्या आडनावाखाली ८ आणि तक्त्यातल्या खाली ९.

सापडलं! आपण मुलांना शिकवतो, कुऱ्हाडे म्हणजे तीन अक्षरं: कु, ऱ्हा, डे. संगणक मात्र स्वर-व्यंजन-चिन्हं सुटी मोजतो. क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा, झाले ८. आता मराठीतला हा जो डोळ्याच्या पापणीसारखा र आहे, तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार म्हणजे ऱ आणि हलन्त. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडखूण, तिला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. ती दिसत नाही, जागा घेत नाही, पण मोजली जाते. म्हणून ९. पटाची फाइल मी संगणकावर टाइप केलेली, गुणांची फाइल सहकारी बाईंनी फोनवर. दोघींचं शुद्धलेखन बरोबर, दोघींची नावं सारखी दिसणारी, फक्त आतली बांधणी वेगळी.

आणि हा पापणीवाला र काही हौसेचा नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्याला बोलवा आणि आचाऱ्याला बोलवा यात जेवण कोण करणार हे बदलतं! आपल्या गावांत, आडनावांत तो जागोजागी आहे. कऱ्हाड, गोऱ्हे, कुऱ्हाडे. म्हणजे असा प्रोग्राम वापरला तर नेमकी हीच मुलं गळणार, बाकीची सगळी व्यवस्थित जुळणार, आणि पहिली चार-पाच पत्रकं तपासणाऱ्या माझ्यासारख्या बाईला ते कधीच दिसणार नाही.

मजकूर एकसारखा करण्याची युनिकोडची नेहमीची पद्धत असते, ती मी चालवून बघितली. तिने हे दोन प्रकार एक होत नाहीत, अदृश्य खूण तशीच राहते. शेवटी साधा उपाय केला. नावं जुळवण्याआधी दोन्ही फाइलींतला ‘र, हलन्त, जोडखूण’ असा तिघांचा गट शोधायचा आणि त्याच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवायचं. एक ओळ वाढली. टेस्ट पास झाली.

हे लक्षात ठेवा

वापरताना ज्या गोष्टी मला अडल्या त्या सांगते. त्यातली पहिली सगळ्यात मोठी.

कंसाच्या बाहेर केलेलं काम प्लगइनला दिसत नाही. माझ्या जुन्या टेस्टमध्ये मी असं लिहायचे: ‘जुळलं’ नावाच्या डब्यात आधी तुलनेचं उत्तर ठेवायचं, मग असर्ट(जुळलं). दिसायला सुटसुटीत. पण आराखड्यात काय येणार? ‘जुळलं : फॉल्स’. बास. मुलगा पाटीवर कच्चं काम करतो, पुसतो आणि वहीत फक्त उत्तर लिहितो, तसं हे झालं. जी पायरी दिसायला हवी ती कंसाच्या आत लिहा. आधी शिकलेल्या ‘ओळ छोटी ठेवा’ या सवयीच्या हे थोडं उलट जातं, आणि पट-तक्त्याच्या बाबतीत मी मघाशी नेमकं उलटंच केलं होतं. यादी बाहेर काढली, तुलना आत ठेवली. कुठलं बाहेर आणि कुठलं आत, हे प्रत्येक ठिकाणी आपणच ठरवायचं.

‘आणि’ने जोडलेल्या दोन अटी असतील आणि पहिलीच खोटी निघाली तर दुसरी चालवलीच जात नाही, त्यामुळे तिच्याखाली किंमत येत नाही. ती रिकामी जागा म्हणजे बिघाड नव्हे.

हाताने लिहिलेले संदेश सगळे काढून टाकू नका. किमती प्लगइन देतो, पण ‘ही अट का आहे’ ते त्याला माहीत नसतं. ‘नेमके ८१ गुण अ-२ मध्येच मोजायचे’ एवढं मी आता त्या टेस्टला लिहून ठेवलं आहे. तो संदेश वर येतो, खाली आराखडा.

साधा असर्ट जावाच्या यंत्रावर मुळात बंद असतो, तो मुद्दाम चालू करावा लागतो. ग्रेडलमधून टेस्ट चालवली तर तो चालूच असतो, म्हणून टेस्ट लिहिणाऱ्याला हे जाणवत नाही. पण मुख्य प्रोग्राममध्ये असर्ट लिहून ‘आता इथे पहारा आहे’ असं समजू नका.

आणि ही गोष्ट पालकांनीही वाचावी. हा प्लगइन किमती छापतो म्हणजे खऱ्या किमती छापतो. टेस्टमध्ये खऱ्या मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक असतील तर तेही संदेशात छापले जातात, आणि मग तो संदेश आपण मदतीसाठी ग्रुपवर टाकतो. मी पहिल्या दिवशी ३४ मुलांची यादी असलेला स्क्रीनशॉट एका ओळखीच्याला पाठवायला निघाले होते. हात थांबला हे नशीब. आता माझ्या टेस्टमधली सगळी मुलं काल्पनिक आहेत. फक्त आडनावं मुद्दाम अवघड निवडली आहेत: एक गोऱ्हे, एक कुऱ्हाडे, एक जोडाक्षरांनी भरलेलं, आणि एक असं की ज्याच्या शेवटी चुकून मोकळी जागा राहिली आहे.

तुमच्याकडे दोन फाइली जुळवणारा एखादा एक्सेलचा तक्ता असेल तर आजच एक करून बघा. फोनवर ‘कुऱ्हाडे’ टाइप करून स्वतःला पाठवा, संगणकावर तेच पुन्हा टाइप करा, आणि दोन्ही घरांवर लांबी मोजणारं सूत्र लावा. दोन्हीकडे ८ आले तर उत्तम. वेगळे आले तर मला खाली कळवा, कोणता फोन आणि कोणता कीबोर्ड तेही लिहा.

सुट्टी संपल्यावर शाळा उघडली तेव्हा ती मुलगी चौथीत गेली होती, वर्गही बदलला होता. तिसरीचं छापलेलं निकालपत्रक मी पहिल्याच आठवड्यात काढून तिच्या दप्तरात दिलं. तिने ते उलटून पालटून बघितलं आणि विचारलं, “बाई, आधीचं पण ठेवू का? त्याच्यावर तुमचं अक्षर आहे.”